दगडफुलाची वेतनवाढ

दरवर्षी जुलैच्या एक तारखेला, सकाळचे तास सुरू व्हायच्या आधी, वनस्पतिशास्त्राचे दगडफूल सर विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे जाऊन गुडघे टेकत. देवाधर्मासाठी नव्हे. तिथल्या भिंतीत जमिनीपासून तिसऱ्या ओळीतल्या एका दगडावर करड्या रंगाचं, कोटाच्या मोठ्या बटणाएवढं दगडफूल वाढलं होतं. खिशातून कॅलिपर काढून ते त्याची रुंदी मोजत, वहीत आकडा लिहीत आणि विजारीच्या गुडघ्यावरची माती झटकत वर्गावर जात. एकतीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला. त्या वर्षी सरांना गालगुंड झालं होतं. तेव्हा त्यांची बायको जाऊन मोजून आली, आणि तिचा तो आकडा वहीत अजूनही प्रश्नचिन्हासकट आहे.

तारीख निवडण्यामागे शास्त्र काहीच नव्हतं. त्याच दिवशी विद्यापीठात सगळ्यांना वार्षिक वेतनवाढ लागते, म्हणून ती लक्षात राही, एवढंच.

विद्यापीठातल्या पगारवाढीच्या दोन जाती आहेत. पहिली ही वार्षिक. ती मागावी लागत नाही आणि नको म्हटलं तरी टळत नाही. मूळ पगाराच्या तीन टक्के, वरचे सुटे पैसे पुढच्या दहापर्यंत ओढून. जो शिकवतो त्याला मिळते, जो शिकवत नाही त्याला मिळते, आणि जो शिकवतो तेव्हा मुलं हात जोडून थांबवतात त्यालाही मिळते. ती येते आणि बाजारातल्या भावांशी हस्तांदोलन करून तशीच निघून जाते. खरी वाढ ती दुसरी, श्रेणी बदलण्याची. तिथे माणूस एका पायरीवरून दुसरीवर जातो, दारावरची पाटी बदलते, पगार उडी मारतो आणि पुढे पेन्शनही त्याच उडीवर ठरतं. पण ती मागावी लागते. नुसती मागून भागत नाही, आपण तिच्या लायक आहोत हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. सर तिथे अडले होते. शेवटच्या पायरीच्या खालच्या पायरीवर ते नऊ वर्षं उभे होते. ज्यांना त्यांनी जिना चढायला शिकवलं ते शेजारून वर गेले आणि वरून आदराने नमस्कार करू लागले.

“मी चांगला आहे असं मीच कसं लिहायचं?” सर म्हणत.

“मग मी लिहून देते,” बायको म्हणे. “माणूस बरा आहे, फक्त उठवावा लागतो.”

बायको मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होती. चौतीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि घर होतं चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. पायऱ्या ब्याऐंशी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने स्वतःचं एक स्टूल आणून ठेवलं होतं. रोज तिथे बसून ती पाच मिनिटं दम खाई आणि येणाजाणाऱ्यांचा रक्तदाब नुसत्या चेहऱ्यावरून सांगे. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरची एक जागा भाड्याने मिळत होती. भाडं सरांच्या पगाराला झेपत नव्हतं, पुढच्या श्रेणीच्या पगाराला झेपलं असतं. घरमालकाने सांगितलं होतं, “बाई, तुमच्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबतो, पुढे नाही.”

त्यात सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं. नियम असा की शेवटच्या वर्षात श्रेणीसाठी कुणाची मुलाखत होत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

“अहो,” एका संध्याकाळी स्टुलावरून बायको म्हणाली, “मी आता मोजणं सोडलंय. ब्याऐंशी म्हणतात, पण गुडघ्यांना दीडशे वाटतात.”

दुसऱ्या दिवशी सर नस्तीबाईंकडे गेले.

नस्तीबाई म्हणजे आस्थापना विभागाच्या हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावर फायलींच्या अशा थप्प्या की समोरच्याला त्यांचा फक्त चष्मा दिसे, आणि तोही वाकला तर. विद्यापीठात कुलगुरू येत आणि जात. नस्तीबाई होत्या.

“आलात एकदाचे,” थप्पीमागून आवाज आला. “शिकवल्याचा पुरावा आणलाय?”

“मुलं पास झाली.”

“तो मुलांचा पुरावा. तुमचा?”

“एकतीस वर्षं शिकवतोय बाई. तुमच्या पुतण्याला शिकवलंय.”

“पुतण्या जोडता येत नाही, सर. कागद लागतो. ‘प्रभावी अध्यापन’ नावाचं दोन दिवसांचं शिबिर असतं. त्याचं प्रमाणपत्र जोडा.”

सरांनी ते शिबिर केलं. प्रभावी अध्यापनावर बोलणारा तरुण त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला आणि दोन्ही दिवस तो भिंतीवरच्या पडद्याकडे तोंड करून वाचत होता. दुपारी जेवणाच्या रांगेत त्याने सरांना आपली जागा दिली. अशी प्रमाणपत्रं जमवत, झेरॉक्स काढत, प्रत्येक पानावर सही करत हिवाळा संपला. दोनशे अकरा पानांची फाईल झाली. सोबत सरांचे तीन शोधनिबंध. ते बाहेरच्या तज्ज्ञाकडे गुपचूप जाणार होते. कुणाचे ते तज्ज्ञाला कळणार नाही आणि तज्ज्ञ कोण ते सरांना कळणार नाही. साठपैकी छत्तीस गुण मिळाले तर काम झालं. एखाददुसरा कमी पडला तर मुलाखत घेणाऱ्या समितीला दोन गुण पदरचे घालता येत होते.

फाईल आत गेली. घरात तळमजल्याच्या गोष्टी सुरू झाल्या. पडदे कुठले, कुंड्या कुठे.

तीन आठवड्यांनी पोस्टमन ब्याऐंशी पायऱ्या चढून आला आणि सरांच्या हातात लाखेने बंद केलेलं जाड पाकीट देऊन भिंतीला टेकला. पाकिटावर तांबड्या अक्षरांत ‘गोपनीय’. आत विद्यापीठाचं पत्र: उमेदवार क्रमांक सात यांचे दगडफुलांच्या वाढीवरील तीन शोधनिबंध सोबतच्या पाकिटात आहेत. आपण या विषयातील मान्यवर तज्ज्ञ असल्याने त्यांचे मूल्यमापन करून द्यावे.

सर खुर्चीत बसले, मग उठले, आणि परत बसले.

“अगं ऐकलंस का? आपल्या विद्यापीठात आणखी कुणीतरी दगडफुलं मोजतोय.”

“कोण?”

“ते सांगत नाहीत. गोपनीय असतं. कुणी तरुण असेल. दुसऱ्या इमारतीत बसत असेल.” सरांचा आवाज बदलला होता. एकतीस वर्षं ते ज्या गोष्टीवर बोलत होते तिच्यावर त्यांच्याशी उलटून बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. परिसंवादात त्यांचा निबंध नेहमी जेवणाच्या आधी असे, आणि ऐकणारे घड्याळाकडे पाहून टाळ्या वाजवीत. आता कुठेतरी एक माणूस होता, गुडघ्यांवर माती असलेला. सरांनी मनातल्या मनात त्याला चहालाही बोलावलं. कॅलिपर कुठला वापरतो ते विचारायचं, आणि उत्तरेकडची बाजू धरतो की दक्षिणेकडची, तेही. आतलं पाकीट फोडायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला.

वरच्या कागदावर नाव पांढऱ्या शाईने खोडलं होतं. खाली एक जुना फोटो होता: दगड, दगडावर दगडफूल, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी टेकवलेलं एका बाईचं बोट.

बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं.

“हे माझं बोट.”

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“हे बघा ना, नखावर चट्टा. त्या वर्षी स्टरिलायझरवर भाजलं होतं.”

“हो,” सर म्हणाले. “तुझंच आहे.” आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. चहाला येणारा माणूस आला नाही याचं त्यांना जे वाईट वाटलं, ते बायकोला कळायला थोडा वेळ लागला. तोवर ती हसून हसून भिंत धरून उभी होती.

सकाळी कार्यालय उघडताच सर पाकीट काखेत धरून नस्तीबाईंच्या टेबलापुढे उभे राहिले.

“बाई, एक चूक झालीय. हे पाकीट...”

“थांबा,” चष्मा वर आला. “त्यावर काय लिहिलंय?”

“गोपनीय.”

“मग मला का दाखवताय? तज्ज्ञ कोण हे कुणाला कळता कामा नये. तुम्ही सांगितलंत तर गोपनीयतेचा भंग. तुमच्यावर कारवाई, आणि मी ऐकलं म्हणून माझ्यावर.”

“पण तज्ज्ञ मीच आहे.”

“मी ऐकलं नाही.”

“आणि उमेदवारही मीच आहे.”

“हे तर मुळीच ऐकलं नाही.” नस्तीबाईंनी एक थप्पी उचलून बाजूला ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आवाज खाली आला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. सर, तज्ज्ञांची यादी माझी नाही. बारा वर्षांपूर्वी सगळ्या विभागांना फॉर्म पाठवला होता. आपापल्या विषयातले दोन तज्ज्ञ सुचवा. दगडफुलाच्या रकान्यात दोन नावं आहेत. अक्षर कुणाचंय, बघा.”

अक्षर सरांचं होतं. पहिलं नाव एका परदेशी म्हाताऱ्याचं. दुसरं काही केल्या सुचेना, आणि रकाना रिकामा ठेवलेला चालत नव्हता, म्हणून सरांनी संकोचाने, जरा बारीक अक्षरात, स्वतःचं लिहिलं होतं. तेव्हा शिपाई फॉर्मसाठी दारात उभा होता.

“पहिल्यांकडे पाठवा ना.”

“ते गेले. त्यांच्या मुलीचं पत्र आलंय.”

“मग नवीन तज्ज्ञ शोधा.”

“नवीन नावं मंजूर करणारी समिती वर्षातून एकदा बसते. गेल्या सोमवारी बसली आणि उठली. तुम्ही पाकीट परत केलंत तर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तुम्ही शेवटच्या वर्षात.” नस्तीबाईंनी थप्पी परत जागेवर ठेवली आणि त्या दिसेनाशा झाल्या. “मी काही ऐकलेलं नाही, सर. जे काय ते पंधरा दिवसांत पाठवा. टपालाने पाठवा, हातोहात देऊ नका.”

रविवारी दुपारी सर जेवणाच्या टेबलावर मूल्यमापनाचा फॉर्म घेऊन बसले. बायको समोर शेंगा निवडत होती.

“वीस, वीस, वीस,” ती म्हणाली. “सही करा आणि हात धुवा.”

“असं कसं? तपासायला दिलंय, तपासायला नको?”

“कुणाला तपासताय?”

“उमेदवार क्रमांक सातला.”

त्यांनी पहिला निबंध वाचायला घेतला. सुरुवातीला लाजत वाचला, आपलंच पत्र दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये सापडावं तसा. मग हळूहळू ते लाजणं गेलं आणि तांबडी पेन्सिल आली. लिहिणारा माणूस पस्तिशीतला होता. त्याला सगळं माहीत होतं. चार आकडे मोजून तो पाचवा गृहीत धरत होता आणि जिथे ‘कदाचित’ लिहायचं तिथे ‘निश्चितच’ लिहीत होता. सरांना तो ओळखीचा वाटला आणि फारसा आवडला नाही. दुसऱ्या निबंधात तर त्याने सारा निष्कर्ष अकरा दगडांवर उभारला होता. अकरा! ही गोष्ट सरांना पंचवीस वर्षं सलत होती. आजवर कुणी ती पकडली नव्हती, कारण आजवर कुणी वाचलंच नव्हतं. आता वाचणारा मिळाला होता.

सरांनी लिहिलं: ‘नमुना अत्यंत अपुरा आहे. लेखकाने आणखी ठिकाणी जाणे आवश्यक होते. आळस दिसतो.’

“किती दिलेत?” बायकोने विचारलं.

“पहिल्याला चौदा. दुसऱ्याला नऊ.”

“नऊ.” तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आणि तिसऱ्याला?”

“तिसरा बरा आहे. बारा.”

“पस्तीस झाले. लागतात छत्तीस.”

“हो.”

“अहो, एक गुण. माझ्या बोटाचा तरी द्या.”

“फोटो चांगला आहे,” सर कबूल झाले. “पण फोटोला रकाना नाही.”

बायकोने सगळ्या शेंगा निवडून संपवल्या आणि निवडलेल्या पुन्हा निवडायला घेतल्या. शेवटी म्हणाली, “बाहेरच्याने कापलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. इथे आपलेच दात, आपलेच ओठ.”

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती: ‘उमेदवाराशी ओळख असल्यास तिचे स्वरूप नमूद करावे.’ सर तिथे थांबले. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिलं तर गोपनीयतेचा भंग होत होता.

“काय लिहू?”

“लिहा, बोलणं बंद आहे,” बायको म्हणाली, आणि भांडं उचलून आत गेली.

सरांनी विचार केला. मग नीट अक्षरात लिहिलं: ‘उमेदवारास मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. संबंध फारसे चांगले नाहीत.’ ते पूर्ण खरं होतं. त्यांनी पाकीट बंद केलं आणि स्वतः खाली जाऊन पेटीत टाकलं. परत चढताना दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुलावर पहिल्यांदाच बसले.

मुलाखतीच्या दिवशी बायकोने शर्टाला इस्त्री केली. लांब टेबलापलीकडे समितीचे पाच जण होते. अध्यक्ष सौम्य होते, नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून बोलणारे. कोपऱ्यात नस्तीबाई टिपणं घेत होत्या. थप्पीशिवाय त्या अगदीच छोट्या दिसत होत्या.

“तज्ज्ञांच्या अहवालात एक गुण कमी पडतोय,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांची टीका वाचतो, तुम्ही उत्तर द्या. ते म्हणतात, पहिल्या निबंधात लेखकाला सगळंच माहीत असल्याचा भास होतो.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “उत्तर द्यायचं असतं, सर. मान्य करायचं नसतं.”

“पण बरोबर आहे ते.”

“बरं. पुढे म्हणतात, दुसऱ्या निबंधात फक्त अकरा दगड आहेत. नमुना अपुरा.”

“तेही खरं आहे.” कोपऱ्यात नस्तीबाईंचं पेन थांबलं.

“आणखी ठिकाणी जायला हवं होतं म्हणतात.” अध्यक्षांनी पान उलटलं. “आणि पुढे दोन शब्द आहेत. ‘आळस दिसतो.’”

ते दोन शब्द सरांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. लिहिताना ते योग्य वाटले होते. दुसऱ्याच्या तोंडून, टेबलाच्या पलीकडून ऐकले तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या.

“आळस?” सर म्हणाले.

“असं लिहिलंय.”

“कुणाचा आळस? साहेब, त्या वर्षी आमची मुलगी जन्मली. बायकोला सहा महिने रात्रपाळी होती. ती सकाळी घरी येऊन झोपायची आणि मी पोरीला छातीशी बांधून दगड मोजायला जायचो. वाकलो की पोर रडायची. उभा राहिलो की गप्प. मग मी असे दगड शोधले जे उभ्याने मोजता येतील. सगळ्या शहरात असे अकरा निघाले. बारावा एका तुरुंगाच्या भिंतीत होता, तिथे पहारेकऱ्याने पोर बघून हाकललं.” सर उभे राहिले होते ते त्यांना कळलं नव्हतं. “दूध संपायच्या आत घरी पोचायचं असायचं. त्या फोटोत बोट का आहे, पट्टी का नाही? सुट्टीच्या दिवशी बायको सोबत आली होती, आणि पट्टी पोरीच्या तोंडात होती. पंख्याखाली बसून शेरे मारायला काय लागतं? हा तज्ज्ञ कोण मला माहीत नाही...”

इथे नस्तीबाईंना खोकला लागला.

“...म्हणजे कोण ते बोलायचं नाही मला. पण या गृहस्थाला म्हणावं, अकराच्या अकरा दगड अजून आहेत. लहान मूल कडेवर घेऊन ये आणि मोज. मग आळस म्हण.”

खोलीत पाणी पिण्याचा आवाज आला. अध्यक्षांनी चष्मा काढला. सर खाली बसले आणि हळूच म्हणाले, “नमुना मात्र अपुराच आहे.”

“मुलगी आता काय करते?” एका सभासदाने विचारलं.

“लहान मुलांची डॉक्टर आहे.”

“या तज्ज्ञाने ओळखीच्या रकान्यात काय लिहिलंय, वाचलंत का?” दुसऱ्याने अध्यक्षांकडे कागद सरकवला. तिघांच्या माना त्या कागदावर वाकल्या आणि मग एकदम सरांकडे वळल्या, कणवेने.

आठवड्याने सर आणि बायको बाजारातून परत येत होते. सरांच्या कोटात त्या दुपारी नस्तीबाईंनी दिलेली दोन पाकिटं होती. एक हातोहात दिलं होतं, आणि दुसरं ‘हे तुमचं नाही, फक्त तुमच्या पत्त्यावर जाणार आहे, टपालखर्च वाचला’ असं म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको स्टुलावर बसली. सर पायरीवर बसले.

“वाचा,” ती म्हणाली. “वर जाऊन वाईट कळण्यापेक्षा इथेच कळू दे. इथे बसायला तरी आहे.”

पहिलं पत्र तीन ओळींचं होतं. समितीने दोन गुण विशेष बाब म्हणून दिले होते. एकूण सदतीस. नवी श्रेणी एक तारखेपासून.

बायकोने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग गुडघ्यावर ठेवून त्याच्यावरून हात फिरवला, गुडघ्यावरून फिरवावा तसा. “उद्या घरमालकाला फोन करते,” ती म्हणाली. “आणि हे स्टूल इथेच राहू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना लागेल. त्यांचा रक्तदाब मला आवडत नाही. दुसऱ्यात काय आहे?”

सरांनी दुसरं वाचून दाखवलं. ‘मान्यवर तज्ज्ञ यांस. आपल्या मूल्यमापनात उमेदवाराविषयी वैयक्तिक आकस स्पष्ट दिसून आल्याने आपले नाव विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या यादीतून कायमचे वगळण्यात येत आहे. यापुढे आपणाशी पत्रव्यवहार केला जाणार नाही.’

सर त्या पत्राकडे बघत राहिले. बढतीचं पत्र त्यांनी एकदा वाचलं होतं, हे दोनदा वाचलं.

“त्याचं म्हणणं खरं होतं गं,” ते म्हणाले. “अकरा कमीच आहेत.”

“असू दे. स्वभावाने वाईटच होता तो.” बायको उठली. कठड्याला एक हात आणि सरांच्या खांद्याला दुसरा. “चला. आता एक्केचाळीस राहिल्या.”

“सुट्टी लागली की बारावा मोजून येतो,” सर म्हणाले. “तुरुंगाचा.”

“मीही येते,” ती म्हणाली. “बोट लागेल ना.”